हंगेरीचा म्हातारा

"आजचा सिनेमा आवडला नाई, त पेटी रिकामी करजा," असं अनुसयाबाईंनी नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं.

पेटीत रूपरावांच्या परदेशी सिनेमांच्या कॅसेटा होत्या. नागपूरच्या फिल्म सोसायटीतल्या दोस्तांना गळ घालून जमवलेल्या. एकातही गाणं नाही, मारामारी नाही, जिकडेतिकडे म्हातारे. अख्ख्या पुलगावात त्यांचं कौतुक एकट्या रूपरावांना, आणि एकट्याचं कौतुक म्हणजे बिनमिठाचं वरण. व्हिडिओवाला तानबा तर त्या कॅसेटांवर टपूनच होता. म्हातारे पुसून त्यांवर नवे हिंदी सिनेमे उतरवायचा त्याचा बेत होता.

रविवारी दुपारी तानबाकडून भाड्यानं आणलेला व्हीसीआर लागला. हंगेरीचा एक म्हातारा सायकलला पिशवी अडकवून निघाला, लेकीकडे रुसून गेलेल्या बायकोला आणायला. त्याची भाषा रूपरावांनाही कळत नव्हती. अनुसयाबाई मान खाली घालून वाती वळत होत्या. रूपरावांचा जीव टांगणीला लागला.

एवढ्यात म्हातारा सायकल टाकून थेट समोर चालत आला. अनुसयाबाईंनी झटकन डोईवर पदर घेतला, पसरलेले पाय आवरले आणि भिंतीकडे सरकून बसल्या. रूपरावांनी हसू कसंबसं गिळलं.

"काऊन रुसली असंन जी थे?" अनुसयाबाईंनी हळूच विचारलं.

"पाह्य ना समोर."

सिनेमातली म्हातारी दार उघडून नुसतीच उभी राहिली.

"बोल ना वं माय त्याच्यासंग!" अनुसयाबाई तिच्यावर खेकसल्या. "इतक्या दुरून आला बिचारा. पाणी त इचार!"

वाती मांडीवरच राहिल्या. रूपरावांना सिनेमा पाठ होता, म्हणून ते बायकोकडेच बघत बसले. इतका आनंद त्यांना एकेक कॅसेट मिळवतानाही झाला नव्हता.

तेवढ्यात तानबा थैली घेऊन दारात उभा राहिला. "काकू, मशीन न्याले आलो! दुसरं गिऱ्हाईक थांबून हाये. अन् थ्या पेटीतल्या कॅसेटा बी देता ना?"

अनुसयाबाई लगबगीनं उठल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"हळू बोल, बाप्पा," त्या कुजबुजल्या. "घरात पावणे हायेत. अन् पेटीतले त अजून यायचेच हायेत."