चार ठोके

“मॅडम, आज पाणीबिणी राहू द्या. ‘मान्य आहे’ एवढं बसवून घ्या आबांकडून,” लेक अनंत म्हणाला. “मंगळवारी रजिस्ट्रारपुढं तोंडानं म्हणायला लागतंय.”

हेमाने दत्तोबाचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला होता. तो तसाच राहिला.

उजवा लकव्याने नेला होता. वाचाही नेली होती. काहीही बोलायला जावं, तर तोंडातून “आयला” एवढंच पडायचं. देवाच्या पाया पडतानासुद्धा. मग ही वाचा परत आणणारी हेमा आली, हातावर ठोके देत गुणगुणायला लागली, आणि ज्या तोंडाला बोलता येत नव्हतं त्याला गाता आलं. पा–णी–द्या–ना. नंतर च–हा–न–को, कारण जो तो येता-जाता कप पुढे करायचा.

“कशाला मान्यता?” हेमाने विचारलं.

“विहिरीचं रान विकायचंय. शेवटचा तुकडा हाय. वाघोलीत रान ठेवून आता करायचंय काय? लोकांना पार्किंगला जागा नाही!”

“काय म्हणायचं, ते पेशंट ठरवतो.”

“पेशंटला बोलता येत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना?”

हेमा वळली. “आजोबा, आपल्याला हे म्हणायचंय?”

नाही! दत्तोबा आतून ओरडला. त्या विहिरीचे सुरुंग मी या हातांनी लावलेत. नाही, भाड्या, नाही!

आणि मान हलली. खाली-वर. खाली-वर.

मान फितूर झाली होती.

“बघा. आबा राजी हायेत.”

“या आजारात मानेचं खरं धरायचं नसतं. मनात नाही असलं तरी मान हो—”

“तुम्हाला जमत नसंल तर सांगा. खराडीला दुसऱ्या मॅडम हायेत. त्या प्रश्न विचारत नाहीत.”

हेमाने ओठ आवळले. दत्तोबाकडे बघणं टाळलं. ठोके द्यायला लागली.

मा–न्य–आ–हे.

मा–न्य–आ–हे.

दत्तोबा घाबरला. शब्द अडवता येतो, चाल कशी अडवायची? चाल घशात शिरते, शब्दाचा कान धरते आणि त्याला फरफटत बाहेर आणते. पाणी असंच आलं होतं. आता रान असंच जा—

“मा–” निघालंच.

“शाब्बास, आबा!” अनंत पलंगावर येऊन बसला.

दत्तोबाने जीभ दातांखाली धरली. रक्ताची चव आली. आत सगळीकडे हात घालून तो शोधत सुटला. एक नाही. एक तरी नाही. जन्मभर वाटेल त्याच्या तोंडावर फेकलेला शब्द, आज सापडेना. सापडलं ते हे:

“च–हा–न–को.”

“चहा कोण देतंय, आबा? मान्य आहे, म्हणा.”

“च–हा–न–को!” हेमाच्या तळहातावर मूठ आपटली. “च–हा–न–को! आयला! च–हा–”

“झालं. डोकं पण गेलं म्हाताऱ्याचं.”

“डोकं जाग्यावर हाय.”

तुळजाबाई दारात उभी होती. नवऱ्याकडे बघत. हातात लेकासाठी आणलेला कप.

“ह्यांचा नन्नाचा पाढा जलमभर ऐकलाय मी. कशाला नको म्हणत्यात, मला कळतंय.”

“आई, तू गप बस.”

“गपच हुते की रं इतके दिस.”

ती मोरीपाशी गेली. वाफा निघत असलेला चहा तिने ओतून टाकला, कप उपडा घातला आणि पलंगाशी येऊन उभी राहिली.

“चहा वतला बघा. आता म्हणा.”

हेमाने दत्तोबाची मूठ हळूच उघडली. हात पुन्हा तळहातावर घेतला. पहिला ठोका दिला, दुसरा दिला, ओठ मिटलेलेच. दोन्ही ठोके रिकामे. तिसऱ्याला ती थांबली.

“न–को.” उरलेले दोन दत्तोबाने भरले.

अनंत उठला.

“नको,” दत्तोबा म्हणाला. चाल गळून पडली होती. “नको. नको. नको.”

मान खाली-वर हलतच होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.