तेवीस नंबर

तेवीस नंबर पुकारला तेव्हा जहिदा दवाखान्याच्या संडासात इन्शाची चड्डी वर चढवत होती. तिनं ऐकलं. तशीच पोरीला कडेवर घेऊन ती ओल्या हातांनी धावत बाहेर आली. तोवर चोवीस नंबरचे आजोबा काठी टेकत आत गेले होते आणि दार लागलं होतं.

"आले मी. तेवीस," ती काउंटरवरच्या बाईंना म्हणाली.

"दोनदा पुकारलं, ताई. आता सगळ्यांच्या शेवटी." बाईंनी वहीतून मान वर केली नाही. "मॅडमना साडेबाराला ऑपरेशन आहे. वेळ उरला तर घेतील, नाहीतर पुढच्या मंगळवारी फोन करा."

फोन करा. डॉक्टर मॅडम इथे फक्त मंगळवारी बसायच्या. त्यांचे नंबर त्याच दिवशी सकाळी आठला फोनवर मिळायचे आणि दहा मिनिटांत संपायचे. जहिदा सातपूरला शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिथे आठला फोन गेटवर जमा करावा लागे. तीन मंगळवार असेच गेले. आज ती आत गेलीच नाही. गेटबाहेर उभी राहून फोन लावत राहिली, नंबर मिळाला तेव्हाच सुपरवायझर मनोजसरांना गाठून एक वाजेपर्यंतची सुट्टी मागितली. घरी जाते तर इन्शाला सांभाळणाऱ्या साळूबाई पायात चप्पल घालून दारात उभ्या. निफाडला त्यांची बहीण पडली होती. "पोरीला आज तुझ्यासंगंच ने बाई," त्या म्हणाल्या, "मला काय दुपारच्या आत येणं व्हायचं नाय."

बाराला दहा कमी होते. बाकावर अजून चौघं बसली होती. इन्शा बाकाखाली शिरली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, कुणाच्या तरी पिशवीतलं केळं ओढू लागली. जहिदानं तिला उचललं.

"अम्मी, चलो ना."

"बस, अभी चलते."

फोन वाजला. मनोजसर होते. "जहिदाताई, एकला येताय ना? चारला माल गाडीत चढवायचाय आणि आज दोन बायका आल्याच नाहीत."

"येते, सर."

पंचवटीतल्या या दवाखान्यातून सातपूर म्हणजे रिक्षानं अर्धा तास तरी हवाच. वाटेत पोरीला कुणाकडे तरी सोडायचं, ते वेगळंच. कुणाकडे, हे तिला सुचत नव्हतं. आतल्या पेशंटचं काही आटपेना. सव्वाबारा झाले तरी बाकावर दोघं उरलीच होती. जहिदा उठली. काउंटरवर काही न बोलता ती दाराबाहेर पडली आणि जिना उतरू लागली.

इन्शाला पेंग आली होती. दोन पायऱ्यांनंतर तिचं डोकं कलंडलं आणि जहिदाच्या डाव्या छातीवर येऊन टेकलं. नेमकं तिथेच. दुखलं नाही. ते कधीच दुखत नव्हतं, म्हणून तर पहिला महिनाभर तिनं मनावर घेतलं नव्हतं. पण पोरीच्या डोक्याच्या भारानं ती गाठ आत टणक लागली. सुपारीएवढी. ईदला एवढी नव्हती.

जहिदा पायरीवर थांबली. तिचा नवरा नईम कांद्याचा ट्रक घेऊन सुरतला गेला होता. त्याला तिनं अजून सांगितलं नव्हतं. काय आहे तेच ठाऊक नाही, तर सांगायचं काय?

ती वर आली. बाकावर बसली नाही. डॉक्टरांच्या दाराला लागून उभी राहिली.

"ताई, तिथे नका उभ्या राहू. बसा," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"बसत नाही. बसले की माझा नंबर जातो." ती हलली नाही. "छातीत गाठ आहे माझ्या. चार मंगळवार झाले."

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. आधी तिच्याकडे, मग कडेवरच्या पोरीकडे. शेवटचा पेशंट बाहेर आला तेव्हा मॅडम पर्स उचलून उभ्या राहिल्याच होत्या. बाईंनी दारात जाऊन सांगितलं, "मॅडम, एक राहिल्यात. बघूनच जा." आणि जहिदासमोर हात पसरले. "द्या तिला इकडे. झोपलीय, रडायची नाही."

पडद्याआड जहिदा आडवी झाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत तिला कळेना. शेवटी मॅडमनीच एक हात उचलून तिच्या डोक्यामागे ठेवला. त्यांची बोटं दाबत दाबत गेली, एका जागी थांबली, पुढे गेली आणि परत त्याच जागी आली.

"कधीपासून आहे?"

"ईदच्या आधीपासून. दोन महिने."

"मग इतके दिवस का थांबलात?"

जहिदानं छताकडे बघितलं. तिथे पंखा होता, बंद. "नंबर मिळत नव्हता," ती म्हणाली.

टेबलाशी जाऊन मॅडमनी चिठ्ठी लिहिली आणि तिच्या हातात दिली. "खाली सोनोग्राफी होते. आत्ताच करा. मी ऑपरेशन आटपून स्वतः रिपोर्ट बघते, मग पुढचं ठरवू. घाबरू नका. पण आजच करा."

"किती वेळ लागेल?"

"दोन-तीन तास तरी लागतील."

बाहेर येऊन जहिदानं फोन काढला. एकदा चिठ्ठीकडे बघितलं आणि नंबर लावला.

"सर, आज मला यायला जमणार नाही."

पलीकडे मशिनींचा खडखडाट ऐकू येत होता. मनोजसरांनी सुस्कारा सोडला. "पोरगी आजारी आहे का?"

काउंटरवरच्या बाई एका हातानं वहीत लिहीत होत्या. त्यांच्या खांद्यावर इन्शा तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

"नाही, सर," जहिदा म्हणाली. "मी."