फेटण्याआधी

"नोरिना, अगं फळ फेटतेयस की जपमाळ ओढतेयस?" जेवणाच्या टेबलावरून नणंदेने, एलिदेने, हाक मारली. पाहुणे खो-खो हसले.

"बर्फ फार कडक झालाय बाई!" नोरिना स्वयंपाकघरातून ओरडली. धादांत खोटं. उन्हाळ्यात गोठवून ठेवलेला पांढऱ्या पीचचा गर भांड्यात कधीचा मऊ पडू लागला होता. तिने तो हळूच पुन्हा फ्रीझरमध्ये सरकवला आणि ती खिडकीशी गेली. खालच्या वळणावर फेल्त्रे गावाहून येणारी बस अजून दिसत नव्हती.

त्या बसने तित्सियानो येणार होता. तिचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी तो द्राक्षमळा सोडून बिअरच्या कारखान्यात लागला, आणि त्याचा बाप ओलिंदो कडाडला, "पिढ्यान्‌पिढ्या फेसाळ वाइन करणाऱ्या घरात बिअरवाला नको!" तेव्हापासून त्याचं नाव या घरात निघालं नव्हतं. आज संत मार्तिनोचा सण. नोरिनाने नवऱ्याला न सांगता लेकाला बोलावलं होतं. सणाच्या दिवशी, चारचौघांत, हातात पेला घेऊन बसलेल्या पोराला कोणता बाप उठवील?

पण पेला मिळायला तर हवा! मासे संपले की गोठलेलं फळ आणि फेसाळ वाइन एकत्र फेटायची, ती प्यायची, आणि मगच भाजलेलं बदक आणायचं, ही द्राक्षमळ्यांच्या त्या टेकड्यांवरची रीत. फेटलेलं काही थांबत नाही. फेस वर, पाणी खाली. म्हणून ओलिंदोच्या आईने नियमच घालून दिला होता: फेटायला घेतल्यावर जो येईल त्याला पेला नाही. त्याने पुढल्या सणाला यावं. आणि ओलिंदो आईचा शब्द देवाज्ञेसारखा पाळी.

"माझ्या पोटात मासे पोहायला लागले गं!" एलिदे पुन्हा ओरडली. "आणि आमचा भाऊराया कुठाय? बाटली आणायला गेलाय की वेली लावायला?"

खरंच की. ओलिंदोला तळघरात जाऊन बराच वेळ झाला होता. वाइन त्यानेच निवडायची, त्यानेच उघडायची. नोरिनाने मनोमन हात जोडले. देव धावून येतो तो असा, म्हाताऱ्याच्या चोखंदळपणाचं रूप घेऊन!

पण देवाला तरी किती ताणायचं? पाहुणे चमचे वाजवू लागले. बदकाचा करपट वास सुटला. लेक बहुधा येणारच नव्हता. हट्टात बापाच्या वरताण. नोरिनाने मनगटाने डोळे पुसले, आणि बाटली मागायला ती तळघराच्या पायऱ्या उतरली.

ओलिंदो बाटल्यांपाशी नव्हता. एका उपड्या पेटीवर चढून, रस्त्याच्या बाजूच्या झरोक्याला डोळा लावून तो उभा होता. बाटली काखेत होती, बूच जागच्या जागी.

तिची चाहूल लागली तसा तो मागे न वळताच गुरगुरला, "घाई कसली झालीय तुला? सकाळी चर्चमध्ये प्रार्थना गाताना तुझा सूर चुकला, तेव्हाच ओळखलं मी. थांब जरा. बस अजून वळणावर आली नाही."