दुसरी सही

ज्ञानू तात्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि रूपालीच्या हातात परत ठेवला.

"सही तेवढी मागू नगंस, पोरी. थोरलीचं लगीन ठरलंय. ह्यो माणूस मोबाइलातल्या पैशाला भुलला, हे पावण्यास्नी कळलं तर तोंड कुठं दावू?"

हे सातवं दार होतं.

कसबा बावड्यातल्या या गल्लीत विजयसिंहानं घरटी कॉइनमधल्या गुंतवणुकीचं ॲप घालून दिलं होतं. तो गल्लीतलाच. ॲपमधला आकडा रोज वाढायचा. पैसे काढायला गेलं, की आधी आणखी भरा, असं उत्तर यायचं. मग एक दिवस ॲप उघडेना, विजयसिंहाचा फोन लागेना. रूपालीच्या वडिलांची, अण्णासोंची, निवृत्तीची सगळी रक्कम त्यात होती. महिन्याभरात त्यांनी स्वतःला संपवलं.

गल्ली धावून आली. तीन दिवस रूपालीच्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून पाळीपाळीनं भाकरी आली. खांदा द्यायला माणसांची रीघ होती. पुढं पोलीस म्हणाले, "एकट्याच्या अर्जावर विजयसिंह सुटेल. आणखी एकाची तरी सही आणा." एकच ना, असं तेव्हा रूपालीला वाटलं होतं.

शेवटचं दार आक्काचं. पापड लाटून जगणारी एकटी म्हातारी. तिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय जमायचं."

इतके दिवस जपलेला रूपालीचा आवाज चढला. "खांदा द्यायला सगळे आलात. वर्षभरात एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर माझे अण्णा आज असते!"

आक्कानं लाटणं खाली ठेवलं.

"मी उघडलं हुतं की," ती म्हणाली. "दिवाळीत माझं पैसं अडकलं, तवाच अर्ज लिहून घेतला. अंगठा केला. पोलीस म्हणालं, दुसरी सही आणा. गल्लीत शिकल्यालं, मानाचं घर तुमचं. पयल्यांदा तुमच्याच दारात आलतो. अण्णा म्हणालं, आक्का, गल्लीची अब्रू जाईल."

"म्हणून तुम्ही अर्ज फाडलात?"

"मी न्हाय, पोरी. अण्णांनी फाडला."