इंगोले सरांची निवड

"पौर्णिमाचं नाव कापलंत?" रंजीता मॅडमनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत विचारलं.

"कापलं नाही. घातलंच नाही," जानराव इंगोले सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

वाशीमच्या त्या कॉलेजातून विद्यापीठाच्या वक्तृत्व स्पर्धेला दरवर्षी एकच विद्यार्थी जायचा, आणि तो कोण हे मराठीचे इंगोले सर ठरवायचे. यंदा त्यांनी हरीओमला निवडलं. हरीओम पाठ केलेलं भाषण बरं म्हणायचा, पण अडला की छताकडे पाहत उभा राहायचा. पौर्णिमा बोलायला लागली की बाहेर गाड्यांवर टेकलेली पोरंसुद्धा आत येऊन बसायची. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"मागच्या महिन्यात पूर्वग्रहावर व्याख्यान तुम्हीच ठेवलंत ना?" मॅडम सोडायला तयार नव्हत्या. "माणूस नकळत आपपरभाव करतो, असं तुम्हीच म्हणालात."

"मी नकळत काही केलेलं नाही मॅडम. पूर्ण विचार करून केलंय."

मॅडम वह्या उचलून निघून गेल्या.

सर पोरीच्या वाकड्यात होते ते पहिल्या दिवसापासून. हजेरीत 'पौर्णिमा पुंजाजी इंगोले' हे नाव आलं, तेव्हा मागच्या बाकावरून गोलू म्हणाला होता, "सर, तुमच्या घरची काय?" वर्ग हसला. इंगोले कुणब्यांतही आहेत आणि बौद्धांतही. सरांचे सासरे मोठे बागायतदार, त्यामुळे सर कोणत्या इंगोल्यांतले हे कोणी विचारत बसलं नव्हतं.

"आडनाव सारखं असलं म्हणून घर सारखं होत नाही," सर म्हणाले होते.

वर्गाचं हसू जागच्या जागी विरलं. पौर्णिमाने मात्र मान ताठ ठेवली. ती ताठ मान तेव्हापासून सरांच्या डोळ्यांत सलत होती.

आणखी एक अडचण होती. दोन वर्षांपूर्वी कॉलेजची निकिता ही स्पर्धा जिंकली, तर तिच्या गावाने तिच्याबरोबर सरांनाही ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं. शाल, नारळ, डफडी, घरोघरी चहा. जिंकलेल्या पोराच्या गुरूचा गावात सत्कार होतो, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे गावाचं नाक कापणं. पौर्णिमा उभी राहिली तर जिंकणार, याबद्दल सरांना शंका नव्हती. मग शिरपूरजवळच्या तिच्या खेड्यात जायचं, त्या वस्तीत शिरायचं, तिच्या घरच्या बाजेवर बसून चहा प्यायचा. त्यापेक्षा हरीओम हरलेला परवडला.

त्याच दुपारी पौर्णिमा स्वतःच स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"सर, मी कुठी कमी पडली, तेवढं सांगा."

"तुझ्या बोलण्यात खेडवळपणा आहे."

"हरीओम बी असाच बोलते. त्याचं गोड लागते अन् माहंच खेडवळ काहून?"

"मर्यादा सोडू नकोस."

"मर्यादा तुमी सोडली सर. मी प्राचार्याकडे चालली."

आणि ती गेलीच. सर जात पाहून निवड करतात, असं तिने प्राचार्य मोहनसिंग यांना तोंडावर सांगितलं. दोन दिवसांत कॉलेजात दोन तट पडले. सरांच्या मोटरसायकलच्या सीटवर कोणीतरी ब्लेड फिरवलं. वर्गात गेले की अर्धी पोरं उठून बाहेर पडत. सरांनाही चेव आला. कोण कुठली पोरगी, आणि तिच्यापायी आपली बावीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर?

"उद्या तिच्या वडलांना बोलावलंय," प्राचार्य म्हणाले. "त्यांनी तक्रार केली तर चौकशी लागेल. तुमची नोकरी जाऊ शकते सर."

"त्या माणसासमोर बसायची माझी तयारी नाही."

"ही भाषा उद्या करू नका," प्राचार्य कडक आवाजात म्हणाले. "बसावंच लागेल."

दुसऱ्या दिवशी पुंजाजी आले. पांढरा पायजमा, खांद्याला नायलॉनची पिशवी, उन्हाने रापलेला चेहरा.

"जयभीम साहेब."

प्राचार्यांनी हात जोडले. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. पौर्णिमाने सगळं सांगितलं, न रडता, एकेक गोष्ट. पुंजाजी मुलीचं ऐकत होते आणि पाहत होते सरांकडे.

"बोला पुंजाजी," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं करू."

"आपली काही तक्रार नाही साहेब," पुंजाजी म्हणाले. "सरनं पाह्यलं ते बराबरच असन."

"बाबा?" पौर्णिमाचा आवाज चिरकला. "तुमी कायले भिऊन राह्यले? मी खोटं बोलली काय?"

"तू खोटं नाही बोलली बाई. जा, बाहेर थांब."

तिने बापाकडे असं पाहिलं की सरांनाही तिकडे बघवेना. मग ती गेली. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि व्हरांड्यात जमलेल्या पोरांना पांगवायला तेही बाहेर पडले.

सुंठीवाचून खोकला गेला. सरांच्या छातीवरचा दगड उतरला. नोकरी वाचली, अब्रूही वाचली.

"बरं केलंत," खिडकीवरची नजर न काढता ते म्हणाले. "उगाच वाढलं असतं."

पुंजाजी उठले. पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेले, आणि तिथे थांबले.

"भिऊन नाही गप बसलो, जान्या," ते हळू आवाजात म्हणाले. "सख्खा काकाच ओळख दाखवत नाही, हे कोन्त्या तोंडानं सांगू तिले?"