संध्याकाळचा भाव

ठमाबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं. पावसाळ्यात कुठेतरी तार तुटली होती, ती तुटलेलीच राहिली.

"हॅलो, मुंबई?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

बाहेर ओट्यावर खंडेराव एकटेच बसले होते. फोन बंद आहे हे त्यांना कळता कामा नये. कळलं, की उद्यापासून तेही येणार नाहीत.

ब्याण्णव साली पंचवटीपलीकडच्या या मळ्यांच्या गावात पहिला फोन ठमाबाईंकडे आला, तेव्हा संध्याकाळी ओट्याखाली चपलांना जागा पुरायची नाही. मुंबईच्या भाजीबाजारातला व्यापारी फोनवर भाव सांगायचा, ठमाबाई तो ओरडून बाहेर सांगायच्या. मग कोथिंबीर उद्या काढायची की दोन दिवस ठेवायची, यावर चहाचं पातेलं संपेपर्यंत भांडणं. नवरा गेला तरी माणसं येत राहिली. पुढे मोबाइल आले. भाव ज्याच्या त्याच्या खिशात येऊ लागला. पातेलं फळीवर पालथं पडलं.

खंडेराव तेवढे यायचे. "मला नाय जमत ते बटणांचं," म्हणायचे.

तार तुटल्यापासून ठमाबाई दुपारी फाट्यावर जाऊन उभ्या राहत. मुंबईच्या वाशी बाजारात भाजी टाकून परतणारा टेम्पो थांबवत, ड्रायव्हरला भाव विचारत आणि संध्याकाळी तोच फोनवर ऐकल्यासारखा सांगत.

आज टेम्पो आलाच नव्हता.

"काय म्हनतोय मुंबईवाला?" बाहेरून आवाज आला. "का झोपला?"

"थांबा की भावजी. लाइन लय खराब हाय."

आपल्या शब्दावर हा माणूस पहाटे कोथिंबीर उपटायला घेईल. पण गप्प तरी किती वेळ राहणार? रिसीव्हर हातात धरूनच त्या दारात आल्या.

"कोथिंबीर शेकडा जुडी सातशे," त्यांनी ठोकून दिलं.

तेवढ्यात खंडेरावांच्या बंडीच्या खिशात काहीतरी गुरगुरलं. त्यांनी आतून मोबाइल काढला. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडला. अंगठ्याने झटझट बटणं दाबत त्यांनी बाजारभावाचा मेसेज उघडला, वाचला. मग मान वर करून ठमाबाईंकडे पाहिलं.

ठमाबाईंना रिसीव्हर कुठे लपवावा कळेना.

खंडेरावांनी मोबाइल बंडीत परत टाकला आणि मांडी नीट घातली.

"सातशे. बरं," ते म्हणाले. "आता मेथीचं इचारा, वयनी."