चारही टायर

"ताई, साहेबांना पाठवा. टायरचं त्यांच्याशी बोलतो," दुकानदार म्हणाला आणि हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचे पेशंट घेऊन आंबोलीचा घाट तीच उतरायची.

"गाडी मी चालवते, माझ्याशीच बोला. इलेक्ट्रिक आहे. उन्हापावसात बारा महिने चालतील असे टायर हवेत."

त्यानं समोरचाच टायर पुढे ढकलला. "हा घ्या. या साहेबांच्या इलेक्ट्रिक गाडीला आत्ताच चारही हेच बसवले."

खुर्चीत चहा पीत बसलेल्या गृहस्थांनी मान डोलावली. हेमलतानं वाकून टायरच्या कडेवरचा वजनाचा आकडा वाचला.

"बॅटरीमुळे या गाड्या जड असतात. हा टायर तेवढं वजन पेलणारा नाही. घाटात माणसं मारायचीत का?"

"बायकांना काय कळतं यातलं!" दुकानदार साहेबांकडे बघून हसला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, आपल्या गाडीच्या दाराच्या आतल्या कडेवर लिहिलेला वजनाचा आकडा टायरशी ताडून पाहिला आणि कडाडले, "उतरवा चारही!"

मग हेमलताकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, कोणते घेऊ?"

"इथले कुठलेच नकोत," ती म्हणाली. "जुने चढवून घ्या. दुसरं दुकान दाखवते."